अपोहनजलाची शुद्धता : एका कल्पनेचा इतिहास

‘डायलिसिस’ या संज्ञेस मराठीने ‘अपोहन’ हा प्रतिशब्द दिला आहे. दूर सारणे हा त्याचा मूळ अर्थ. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तातील त्याज्य द्रव्ये या क्रियेने दूर सारली जातात; परंतु त्यासाठी वापरावयाच्या पाण्यातून काय दूर सारावे, याचे उत्तर काळानुसार पालटत आलेले आहे.

विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये हॉलंडमधील कांपेन येथे पहिले उपयुक्त यंत्र चालविले, तेव्हा रुग्ण वाचणे हाच मुख्य प्रश्न होता. १९६० मध्ये सिएटल येथे स्क्रिब्नर यांच्या नळीमुळे हा उपचार वर्षानुवर्षे करणे शक्य झाले आणि पाण्याचे महत्त्व वाढले. चार तासांच्या एका अपोहनात सुमारे १२० लिटर द्रव रक्ताशेजारून वाहतो. मध्ये असतो तो केवळ एक पातळ पडदा.

प्रथम दोष दिसला तो क्षारांचा. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांमुळे मळमळ, अशक्तता व रक्तदाबवाढ होते, हे १९६७ मध्ये नोंदले गेले. पुढील दशकात अ‍ॅल्युमिनियममुळे रुग्णांची वाचा व बुद्धी ढळत असल्याचे आढळले. गढूळ पाणी निवळणारी आपली तुरटी अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार होय! पिण्यास शुद्ध ते अपोहनास शुद्ध नव्हे, हा धडा येथे मिळाला.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. जंतू मेले तरी त्यांच्या कवचातील विषारी अंश उरतात. ऊर्ध्वपातित पाणी टोचल्यावर येणारा ताप जंतुजन्य द्रव्यांमुळे येतो, हे फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९२३ मध्येच दाखविले होते. असे अंश पडद्यातून रक्तापर्यंत पोहोचल्यास पांढऱ्या पेशी दाहकारक द्रव्ये सोडतात, हा विचार १९८३ मध्ये मांडला गेला. या दाहात ताप येईलच असे नाही. तो मंदपणे धुमसत राहतो. अतिशुद्ध द्रव वापरल्यास दाहदर्शक सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन घटते, तसेच रक्तवाढीचे औषधही कमी पुरते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र त्यामुळे आयुर्मान वाढते, हे अद्याप निर्विवाद ठरलेले नाही.

साध्या अपोहनजलात मिलिलिटरमागे १०० पेक्षा कमी जंतू चालतात. अतिशुद्ध द्रवात ०.१ पेक्षाही कमी असावे लागतात.

सोलापूरनजीक कुंभारी येथे आज ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. ज्या प्रदेशातील काळ्या खडकातले पाणी बहुधा जड, तेथे या इतिहासाचे मोल विशेष आहे. क्षार गाळणारे यंत्र बसविल्याने काम संपत नाही. नळ्यांच्या आतील बाजूस जंतूंचा चिकट थर पुन्हा धरतोच. म्हणून नळ्यांचे नियमित निर्जंतुकीकरण व पाण्याची वारंवार तपासणी ही उपचाराचीच अंगे समजली पाहिजेत. शुद्धता ही एकदा मिळविण्याची वस्तू नसून नित्य राखण्याची स्थिती होय.