रुपयाभार चांदी

इसवी सन १८७१ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत चाकरी करणारा एखादा इंग्रज अंमलदार पुढें मायदेशीं परतावयाचें म्हणून पैसा शिल्लक टाकीत असे. पगार रुपयांत, शिल्लकहि रुपयांत. परंतु ती शेवटीं खर्चावयाची होती पौंडांत. रुपयाची हुंडणावळ त्या वेळीं एक शिलिंग अकरा पेन्सांच्या आसपास होती. दहा हजार रुपये म्हणजे सुमारें ९६० पौंड, हा हिशेब तो डोळे मिटून करी. आपली पुंजी परक्या देशाच्या नाण्यांत अडकलेली आहे, हें त्याच्या ध्यानीं येण्याचें कांहीं कारणच नव्हतें. पुढें तेवीस वर्षांनीं, १८९४-९५ सालीं, त्याच दहा हजार रुपयांचे जेमतेम ५४६ पौंड होऊं लागले.

याचें मूळ चांदींत होतें. १८३५ सालच्या कायद्यानें रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ठरविण्यांत आलें व त्यांत १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे. कोणीहि मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळींत चांदी नेऊन द्यावी आणि शेंकडा सुमारें दोन रुपये घडणावळ सोसून तिचे रुपये पाडून घ्यावे, अशी मोकळीक होती. त्यामुळें चांदीचा भाव तोच रुपयाचा भाव. इंग्लंडचें चलन मात्र सोन्याचें. जर्मनीनें १८७१ नंतर सोन्याचें नाणें सुरू करून आपली चांदी विकावयास काढली. फ्रान्स व त्याच्या सोबत्यांनीं आपल्या टांकसाळी चांदीला हळूहळू बंद केल्या. आणि त्याच सुमारास अमेरिकेंतील नेवाडाच्या खाणींतून चांदीचा लोंढा बाहेर पडला. औंसाला ६० पेन्स असलेला भाव घसरत चालला, आणि रुपया त्याच्या मागोमाग.

ही घसरण सरळ असती तर अंमलदारांनीं मिळेल त्या भावानें पैसा विलायतेस धाडून सुटका करून घेतली असती. पण भाव मधूनच वर उसळी घेई. १८९० सालीं अमेरिकन सरकारनें चांदी खरेदी करण्याचा कायदा केला, तेव्हां साडेसोळा पेन्सांच्या घरांत असलेला रुपया कांहीं काळ वीस पेन्सांच्याहि वर चढला. आणखी चढेल म्हणून थांबला तो फसला, कारण दोन वर्षांत रुपया पंधरा पेन्सांवर येऊन ठेपला. सर्वांचेंच नुकसान झालें असें मात्र नव्हे. मुंबईच्या गिरण्यांचें सूत चीनमध्यें खपे, आणि चीनचें चलनहि चांदीचेंच. विलायतेस कापूस व गहूं पाठविणाऱ्या व्यापाऱ्याला पौंडामागें अधिक रुपये मिळत. ते खुषींत होते.

खरी ओढाताण झाली ती हिंदुस्थान सरकारची. ‘होम चार्जेस’ या नांवानें विलायतेस जी रक्कम दरसाल भरावी लागे ती पौंडांत. १८९२-९३ सालीं सुमारें १ कोटी ६५ लक्ष पौंड धाडण्यासाठीं साडेसव्वीस कोटी रुपये मोजावे लागले. १८७३-७४ च्या हुंडणावळीनें तेंच काम पावणेअठरा कोटींत भागलें असतें. १८८८ सालीं मिठावरील कर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये झालाच होता. आणखी कर बसवावे तरी कशावर? लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखालीं कमिटी नेमण्यांत आली, आणि तिच्या अहवालानंतर २६ जून १८९३ रोजीं कायदा होऊन टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. त्याच वर्षीं युरोपियन नोकरांना नुकसानभरपाईहि देण्यांत आली: निम्मा पगार बाजारभाव कांहींहि असला तरी एक शिलिंग सहा पेन्सांच्या दरानें धरावयाचा. विलायतेस एक छदामहि न पाठविणाऱ्यालासुद्धां ही भरपाई मिळे. दादाभाई नौरोजी यांच्या अध्यक्षतेखालीं लाहोरास भरलेल्या काँग्रेसनें तिचा निषेध केला, आणि १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देतांना फर्ग्युसन कॉलेजांतील प्रोफेसर गोपाळ कृष्ण गोखले यांनीं या खर्चावर नेमकें बोट ठेवलें.

या सर्व चर्चेंत दुसऱ्या एका शिलकेची आठवण फार थोड्यांना होती. दख्खनच्या कुणब्याची पेढी म्हणजे त्याच्या घरधनिणीच्या हातापायांवरचें रुपें. सुगी चांगली झाली कीं चार रुपये सोनाराकडे जात व त्यांचे गोठ, तोडे, वाळे होऊन परत येत. रुपयाचें वजन तोळाभर असल्यानें सोनार ताजव्यांत वजन म्हणून रुपयाच टाकी. ‘रुपयाभार चांदी’ हा शब्द त्यांतूनच आलेला. रुपयाभार चांदी आणि रुपया यांत घडणावळीपुरतेंच अंतर, ही खात्री त्या शब्दाच्या पोटांत होती. १८७६-७८ च्या दुष्काळांत लोकांनीं दागिने मोडले, तेव्हां ते सराफांमार्फत ढिगांनीं मुंबईच्या टांकसाळींत गेले व त्यांचे रुपये झाले. खेड्यांतल्या बाईला टांकसाळ कोठें आहे हें ठाऊक नसेल. पण सराफ भाव देई तो टांकसाळीच्या भरंवशावरच.

२६ जूनच्या कायद्यानें तो भरंवसा काढून घेतला. लंडनच्या बाजारांत चांदी थोड्याच दिवसांत औंसाला सुमारें ३८ पेन्सांवरून ३० च्या आसपास कोसळली. एकाच गल्लींतील दोन शेजाऱ्यांची कल्पना करावी. एकानें शंभर रुपये मडक्यांत घालून पुरले. दुसऱ्यानें शंभर रुपये आटवून घरांत दागिने केले. चांदी तीच, वजन तेंच. पण पहिल्याच्या नाण्यावर सरकारचा छाप होता, दुसऱ्याचा कायद्यानें पुसला गेला होता. ज्याला तो आपलें घरचें धन समजत होता, तें त्याच्या नकळत परकें नाणें झालें, आणि त्याची हुंडणावळ लंडनांत ठरूं लागली. इंग्रज अंमलदाराला निदान रोजच्या वर्तमानपत्रांत भाव वाचावयास मिळे. या माणसाला तो कळला दागिना मोडावयास गेल्यावर. शिवाय भरपाईच्या यादींत त्याचें नांव कोठेंच नव्हतें.

टांकसाळी बंद होतांच रुपया लगेच सुधारला असें नाहीं. उलट १८९४-९५ सालीं तो तेरा पेन्सांपर्यंत उतरला. परंतु नवे रुपये पडेनात आणि व्यापाराची गरज वाढत चालली, तसतशी त्याची टंचाई होऊन १८९८ सालीं तो एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिर झाला. फाउलर कमिटीनें तोच दर कायम करावा असें सुचविलें, आणि १८९९ च्या कायद्यानें पंधरा रुपयांस एक सॉव्हरिन हा भाव ठरला. अंमलदाराच्या दहा हजार रुपयांचे आतां पुन्हां सुमारें ६६७ पौंड झाले. जुने ९६० नव्हेत, पण उद्यां काय होईल ही धास्ती तरी संपली.

त्याच १८९९ सालीं पावसानें दगा दिला. दख्खनांत व गुजराथेंत मोठा दुष्काळ पडला, आणि पुन्हां एकदां गोठ व तोडे सराफाच्या ताजव्यांत पडूं लागले. एका पारड्यांत दागिना, दुसऱ्यांत वजन म्हणून तोच जुना रुपया. कांटा समतोल उभा राही. सराफ मात्र रुपयाभार चांदीला दहा-अकरा आणे मोजी.