घोटी फाट्यावर उतरावे

घोटी हे गाव भाताच्या गिरण्यांचं, मुंबई–आग्रा रस्त्यावरचं, सिन्नरकडे फाटा फुटतो तिथलं. डोंगर चढणाऱ्यांना मात्र ते एसटी बदलण्याचं ठिकाण म्हणून ठाऊक. कळसूबाईसाठी बारीला जा, अलंग–मदन–कुलंगसाठी आंबेवाडीला जा, नाहीतर त्रिंगलवाडीला. मुंबईहून येणारा कसारा किंवा इगतपुरी गाठून घोटीतच चहा घेणार. त्यामुळे गिर्यारोहण संस्थांच्या पत्रकांत या गावाचं नाव हमखास यायचं, तेही आज्ञार्थी क्रियापदासकट.

पत्रक म्हणजे काय, तर बहुतेक वेळा एक पाठपोट कागद. मोहिमेचा प्रमुख कोण, शनिवारी रात्रीची कोणती कसारा लोकल, तिच्या कोणत्या डब्यात भेटायचं. प्रत्येकाने तांदूळ, डाळ, दोन कांदे, मग आणि टॉर्च आणायची. टाक्यातून पाणी शेंदायला दोरी कोण आणणार ते कंसात. नाव कळवल्याशिवाय येऊ नये. सगळा मजकूर असा हुकमी, पण त्याच्या कुळात दोन अगदी वेगळी घराणी आहेत.

पहिलं घराणं बड्यांचं. लंडनचा अल्पाइन क्लब १८५७ चा. त्याचं नियतकालिक १८६३ पासूनचं. आपल्याकडे हिमालयन क्लब १७ फेब्रुवारी १९२८ ला दिल्लीत स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी ‘हिमालयन जर्नल’ निघालं. पहिले संपादक सर्व्हे ऑफ इंडियाचे केनेथ मेसन. सभासद कुठे, तर कुणी छावणीत, कुणी चहाच्या मळ्यावर, कुणी मोजणीच्या तंबूत. दर आठवड्याला जमणं अशक्य. अशा मंडळींना क्लब म्हणून एकत्र धरणारी गोष्ट ते जर्नलच होतं. पुढे त्याचं संपादन वर्षानुवर्षं मुंबईतून झालं. दीर्घकाळ संपादक राहिलेले हरीश कपाडिया यांनी सह्याद्रीतल्या भटकंतीचंही मार्गदर्शक पुस्तक लिहिलं आणि अनेकांनी ते पाठपिशवीत बाळगलं.

दुसरं घराणं पोस्टकार्डाचं. हिंदुस्थानात कार्ड आलं १ जुलै १८७९ ला, किंमत पाव आणा. नाटक मंडळी, भजनी मंडळं, ज्ञातीच्या सभा, सगळ्यांची आमंत्रणं त्यावरून फिरली. डोंगरवाल्यांनी तीच वहिवाट उचलली. माझ्या मते मराठी पत्रकाची खरी आई हीच. जर्नलकडून त्याने फक्त नोंद ठेवण्याची शिस्त घेतली.

ही शिस्त सगळ्यात कडक पाळली ती गुहावाल्यांनी. एदुआर-आल्फ्रेद मार्तेल या फ्रेंच गृहस्थाने १८९५ साली गुहाशास्त्राची संस्था काढली आणि त्याच वर्षी तिचं ‘स्पेलुंका’ हे नियतकालिक. इंग्लंडमधल्या मेंडिप टेकड्यांतल्या एका क्लबाच्या अंकाचं नाव ‘बेलफ्री बुलेटिन’; ‘बेलफ्री’ ही त्यांची मुक्कामाची झोपडी. शिखर खालूनही दिसतं. जमिनीखालची गुहा टेप आणि होकायंत्र घेऊन मोजून कागदावर काढेपर्यंत दुसऱ्या कुणासाठी नसतेच. म्हणून त्यांच्या अंकांत नकाशे असतात, आणि कुठे दगड सैल आहे, कुठे पाणी अचानक चढतं, हेही.

घोटीच्या आसपास तशा गुहा नाहीत. आपला काळा कातळ चुनखडीसारखा विरघळत नाही. इथल्या गुहा माणसाने खोदलेल्या. त्रिंगलवाडीच्या पायथ्याचं जैन लेणं घ्या, तिथल्या लेखावर १३४४ सालची तिथी आहे. अलंगवरच्या गुहेत मुक्काम होतो, तो माथ्यावरच्या टाक्यांच्या भरवशावर. त्यामुळे आपल्या पत्रकात भुयारांच्या नकाशाची जागा पाण्याने घेतली. कुठलं टाकं कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं, कुठलं पिण्याजोगं, कुठल्यात शेवाळ. परतलेल्याने हे लिहायचं, पुढे जाणाऱ्याने वाचायचं.

हे सगळं शंभरेक जणांना पोचवायचं तर हाताने लिहून भागत नसे. इथे सायक्लोस्टाइल कामी आलं. हंगेरीत जन्मलेल्या डेव्हिड गेस्टेटनरने १८८१ साली मेणकागदावर भोकं पाडणाऱ्या चाकाच्या लेखणीचं पेटंट घेतलं, त्याची ही संतती, मराठीत ‘चक्रमुद्रित’. टंकयंत्राची फीत बाजूला करून अक्षरं थेट स्टेन्सिलवर ठोकायची. चूक झाली की नेलपॉलिशसारखं द्रव फासून, फुंकर मारून, त्यावर पुन्हा ठोकायचं. वाटेचा नकाशा टोचणीने हाताने कोरायचा, आणि नेमक्या कड्याच्या वळणावर कागद फाटायचा. शाई हाताला, सदऱ्याला, कधी अंकालाही. मग घड्या, तिकिटं, आणि बुक-पोस्ट म्हणून पाकिटाचं तोंड उघडं, कारण चिकटवलं की दर वाढला.

या अंकाचा सर्वांत निष्ठावान वाचक मात्र डोंगरावर जाणारा नसे. ज्याला यायचंय त्याला लोकलची वेळ कळली की पुरे. बदली होऊन भरूचला गेलेला, गुडघा दुखावलेला, लग्नानंतर शनिवार हातचा गेलेली, हे लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. कुणाची पहिली चढाई, कुणाला मुलगी झाली, क्लबाचा कोणता दोर कुणाकडे अडकलाय. दोराबद्दलची ओळ वर्षभर तशीच छापली जाई आणि दोर काही परत येत नसे.

आता निरोप व्हॉट्सॲपवर जातो आणि त्या कामाला तो पत्रकाहून सरस आहे, यात वाद नको. नवरात्रात कळसूबाईला जायचं तर घोटीतल्या मंडळींना कार्डाची वाट बघायची गरज नाही. पण येणाऱ्यांसाठी केलेल्या गटात न येणारा माणूस फार काळ राहत नाही. मुलुंडला २००२ पासून महाराष्ट्र सेवा संघात भरणाऱ्या गिर्यारोहकांच्या गिरिमित्र संमेलनाने ती उणीव थोडीफार भरून काढली.

‘हिमालयन जर्नल’चे जुने अंक आज संगणकावर वाचता येतात. चक्रमुद्रित पत्रकांच्या वाट्याला असं जतन क्वचितच आलं. ती कुणाच्या तरी माळ्यावर, तांबूस पडलेली. माळा आवरताना एखादं हाती लागलं तर निदान टाक्यांची माहिती उतरवून घ्यावी. अलंगला मार्चमध्ये किती पाणी असायचं हे दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही.