नांगरामागून वसलेली वाडी

किर्लोस्कर हे आडनाव मराठी माणसाच्या कानावर आधी नाटकातून पडलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि पुढच्या दोन पिढ्या हे नाव पदांबरोबर घरोघर गेलं. हे अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्याच गावात, त्याच कुळात 20 जून 1869 रोजी लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्करांचा जन्म झाला. एका घराण्यातून संगीत नाटक निघालं आणि लोखंडी नांगरही निघाला. मला ही जोडी विसंगत वाटत नाही. दोन्ही ठिकाणी माणसं गोळा करून, त्यांना एकत्र जेवूखाऊ घालून, पदरमोड करत काही तरी उभं करायचं होतं.

लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईला जे. जे. कलाशाळेत ते दाखल झाले, पण काही रंग ओळखायला डोळा चुकतो हे लक्षात आल्यावर रंगांचा नाद सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांच्याबरोबर सायकलींचं दुकान काढलेलंच होतं. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी तेव्हाची, 1888 ची. तेव्हा सायकल ही सातशे ते हजार रुपयांची चैन होती. ती विकायची, दुरुस्त करायची आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा. बेळगावात आजही किर्लोस्कर रस्ता आहे.

दुकानातून कारखाना कसा झाला, तर आधी कडबा कापायच्या यंत्रामुळे. ज्वारीची ताटं आख्खी टाकली की जनावर पानं खातं आणि बुडखे तुडवतं. बारीक कुट्टी केली की वैरण पुरते. शेतकऱ्याला हा हिशेब पटकन कळला. त्यानंतरचा लोखंडी नांगर मात्र गळी उतरायला जड गेला. 1903 मध्ये तो तयार झाला आणि गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली. लोखंड लागलं की जमिनीला विष बाधतं, अशी पक्की समजूत होती.

त्या शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं मला बरं वाटत नाही. लाकडी नांगर गावच्या सुतारानं बलुत्यावर केलेला असे. मोडला तर तो बांधावर येऊन दुरुस्त करून देई. फाळ काय तो लोहाराचा. या नव्या अवजाराला रोख पैसे मोजायचे, ते ओढायला जास्त बैल लावायचे, आणि एखादा भाग तुटला तर बेळगावची वाट धरायची. जमिनीला विष बाधो न बाधो, घराला कर्ज नक्की बाधलं असतं. शंका रास्त होती, फक्त ती विषाच्या भाषेत बोलली जात होती.

पण नांगराचं कामही जवळून पाहायला हवं. लाकडी नांगर माती उकरतो; त्याचा तास वरून रुंद आणि खाली निमुळता, दोन तासांमधली जमीन तशीच राहते. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंख असतो. फाळ वीतभर खाली शिरून मातीचा पट्टा कापतो, पंख तो पट्टा उचलून पालथा घालतो. खालची ओली माती वर, वरचं तण खाली. हरळी आणि कुंद्यानं ज्यांच्या काळ्या रानाचा जीव घेतला होता, त्यांना मुळं उन्हात वाळताना डोळ्यांनी दिसली आणि मग मागणी सुरू झाली. यातली खरी मेख फाळात. फाळ कठीण हवा, नाही तर आठवड्यात बोथट होतो. पण नुसता कठीण असला तर दगडावर आपटून उडतो. वितळलेलं बीड साच्यात कुठे झटकन निवतं आणि कुठे सावकाश, यावर हे सगळं ठरतं. ही समज ओतशाळेत उभं राहून, चुकलेले फाळ पुन्हा भट्टीत टाकूनच येते.

हे जमत होतं तोच जागा गेली. बेळगावच्या नगरपालिकेला नवी वस्ती वसवायची होती, कारखाना हलवा अशी नोटीस 1910 च्या सुरुवातीला आली. यंत्रं आहेत, शिकलेले कामगार आहेत, आणि पाय ठेवायला जमीन नाही. अशा वेळी औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते स्वतः चित्रकार, लक्ष्मणरावांशी त्यांचा आधीपासून स्नेह. संस्थानातल्या कुंडल गावाजवळ, कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्टेशनालगत, बत्तीस एकर माळ आणि भांडवलासाठी कर्ज, असं त्यांनी देऊ केलं.

माळ कसला, निवडुंगाचं रान होतं ते, आणि नाग इतके की पाय टाकण्याआधी खाली बघावं लागे. पाणी दूर. पुढे लक्ष्मणरावांचे थोरले चिरंजीव शंतनुराव यांनी आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ असं नाव दिलं. त्यातला निवडुंग अलंकारिक नाही, सातव्या वर्षात असताना त्यांनी तो दारात पाहिला होता. या माळाची एकच गोष्ट चांगली होती: रूळ. कच्चं बीड आणि कोळसा वाघिणीतून यायचा, नांगर वाघिणीतून जायचे. कारखान्याला गाव नसलं तरी चालेल, स्टेशन हवं, हे लक्ष्मणरावांनी बरोबर ओळखलं. गाव वसवता येतं.

10 मार्च 1910 ही किर्लोस्करवाडीची जन्मतारीख. पंचवीस कामगार आणि त्यांची बिऱ्हाडं त्या माळावर उतरली. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ही कथा सहसा एकट्या लक्ष्मणरावांचं चरित्र म्हणून सांगितली जाते. चरित्रनायकाला कारखाना काढता येतो. गाव काढायला कुटुंब लागतं. उन्हाळा तोंडावर असताना, निवाऱ्याची सोय नसताना, चूल कुठे मांडायची आणि पाणी कुठून आणायचं हे प्रश्न लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या बायकांनी सोडवले. कारखान्याची छपरं आणि राहायची घरं एकाच वेळी उठत होती. वसाहतीची आखणी आणि रोजचा कारभार रामूअण्णांकडे. धाकट्या भावानं यंत्रात डोकं घालावं म्हणून थोरल्यानं बाकीचं सगळं अंगावर घेतलं. त्याच सुमारास पूर्वेकडे साकचीला टाटांची पोलादनगरी उभी राहत होती, पण तिच्यामागे मोठं भांडवल आणि परदेशी तज्ज्ञ होते. इथे दोन भाऊ होते आणि एका छोट्या संस्थानिकाचा शब्द होता.

शिवाय कुळात नसलेलं कुळ होतं. हिशेब आणि पत्रव्यवहार बघणारे मंगेशराव रेगे. कुठलंही यंत्र हातात घेऊन चालतं करणारे शंभोराव जांभेकर. अडचणीच्या जागी धाडले जाणारे के. के. कुलकर्णी. शाळा अर्धवट सोडून आलेले आणि कारखान्यातच कल्पक इंजिनियर झालेले अनंतराव फळणीकर. कागद पाहून माणसं घेतली असती तर यांतला एखाददुसराच टिकला असता.

आणि राखणदार. लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या दरोडेखोरांना वाडीची रात्रपाळीची राखण दिली. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही दोन नावं या कथेत नेहमी येतात. बाकीच्यांना आडनावं आणि ‘राव’, या दोघांच्या नावापुढे जात. आपल्या समाजानं त्यांना कुठे उभं केलं होतं ते एवढ्यावरूनच कळतं. त्यांच्या हाती कंदील आणि काठी देऊन सगळी वाडी निर्धास्त झोपली, यात मला लक्ष्मणरावांचं सगळ्यात मोठं धाडस दिसतं, नांगरापेक्षाही मोठं. वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा दंडकही त्यांचाच. याच औंध संस्थानात जवळजवळ तीस वर्षांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली कैदी वसाहत निघाली. माणसावर आधी विश्वास टाकून बघायचा, हे या मुलखात वाडीनं आधीच करून दाखवलं होतं.

पहिलं महायुद्ध आलं तेव्हा लोखंड मिळेना. त्या दिवसांत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगर करण्यासाठी दिल्या. भट्टीत तोफा गेल्या, बाहेर फाळ आले. पुढे नांगराच्या जोडीला उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप, लोखंडी खुर्च्या-टेबलं असं वाढत गेलं आणि विसाच्या दशकात पाणी उपसणारे पंप आले. अमेरिकेत शिकून 1926 मध्ये शंतनुराव परतले, तेव्हा वाडी हाताच्या कारागिरीकडून आखीव कारखानदारीकडे वळली.

तिसरी फांदी पुतण्याची. सोलापूरला डॉक्टरी करणारे बंधू वासुदेवराव यांचे चिरंजीव शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, चित्रकला शिकून वाडीला आले ते जाहिराती आणि मालाची माहितीपत्रकं बघायला. त्यातून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटं पत्रक निघालं. त्याचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, 1930 मध्ये ‘स्त्री’ निघालं, 1934 मध्ये ‘मनोहर’. नांगराच्या कारखान्याच्या आवारातून बायकांच्या शिक्षणाबद्दल, लग्नाबद्दल, बुवाबाजीविरुद्ध मजकूर निघायचा आणि टपालानं महाराष्ट्रभर जायचा. पुण्यामुंबईबाहेर, रेल्वेच्या एका लहान थांब्यावर बसून मराठी मध्यमवर्गाचं वाचन घडवणं हे फार कमी घराण्यांना जमलं आहे. ज्या गावात भट्टीतल्या बिडाची आणि छापखान्यातल्या शाईची माणसं एकाच विहिरीचं पाणी पीत होती, त्या गावात ते सुचलं याचं मला नवल वाटत नाही.

औंध संस्थानाला वाडीच्या उदाहरणाचा फायदा झाला. कराडजवळच्या संस्थानी जमिनीवर ओगले बंधूंनी काचकारखाना काढला, त्याची ओगलेवाडी झाली आणि तिथला प्रभाकर कंदील खेडोपाडी पोचला.

सगळं सुखाचं झालं असं नाही. शेजारचं कुंडल हे पुढे इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या भूमिगत प्रतिसरकारचं गाव झालं. कारखान्याचा भोंगा आणि भूमिगतांच्या रात्रीच्या बैठका ही दोन जगं हाकेच्या अंतरावर होती. 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली तिच्यात वाडीही जळाली. जे हातांनी उभारलं ते डोळ्यांदेखत जळताना पाहणं लक्ष्मणरावांच्या उतारवयात वाट्याला आलं. कारखाना पुन्हा उभा केला गेला. पण तोवर घराण्याचा पसारा वाडीत मावणारा राहिला नव्हता. तुंगभद्रेकाठी हरिहरला यंत्रांचा कारखाना निघाला होता, पुण्याला खडकीत 1946 मध्ये ऑइल इंजिनांचा. पुढची पिढी पुण्याला राहिली. तिथल्या ‘लकाकि’ या घराच्या नावात लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्करांची आद्याक्षरं आहेत. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले.

वाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. नांगर मागे पडला, पंप राहिला. कृष्णाकाठचं पाणी नदीतून उचलून वर रानात नेणारी यंत्रं आली आणि हा मुलूख उसाचा झाला. त्या पंपांचं एक माहेर इथलंच. कारखान्यात अजून पंप होतात, पाळ्या लागतात, आसपासच्या गावांतली पोरं कामावर जातात. आणि ज्या कुंडल रोड स्टेशनापायी हा माळ निवडला होता, त्या स्टेशनाचंच नाव रेल्वेनं बदलून किर्लोस्करवाडी केलं.