तंबूतला कौल

सन 1927 मध्ये हिंदुस्थान सरकारने टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटांच्या चौकशीसाठी एक समिती नेमली, आणि त्या समितीने देशभर फिरून साडेतीनशेहून अधिक लोकांचे जबाब नोंदवले. साक्षीदारांत भरणा होता तो शहरवासी शिकलेल्यांचा: सरकारी अंमलदार, निर्माते, चित्रगृहांचे मालक, शिक्षक, समाजसुधारक. चार पैसे मोजून जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या रयतेला चित्रपट कसा वाटला, हे त्या रयतेच्या तोंडून टिपून घेण्याची तजवीज त्या काळी कोणी केली नाही; पुढेही फारशी कोणी केली नाही. सन 1923 च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने करमणुकीवर कर बसला, तेव्हापासून विकलेल्या तिकिटांचा हिशेब सरकारी दप्तरात राहिला. मत मात्र सिनेमाच्या तंबूबाहेर पडता पडता बोलले गेले आणि वाऱ्यावर गेले. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांपुरता तरी हा मोठा तोटा झाला, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण या मुलखाच्या इतिहासातच आहे.

इंदापूर तालुका हा मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीचा आद्य तालुका. प्रिंगल या अधिकाऱ्याची पहिली जमाबंदी रयतेला पेलवली नाही, गावे ओस पडू लागली, तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमारास येथेच नवी पाहणी केली, 30 वर्षांचा सारा ठरवून दिला, आणि तीच पद्धत पुढे साऱ्या दख्खनेत पसरली. त्या काळच्या रयतेच्या मुला-नातवंडांनी 12 मे 1875 रोजी, तेव्हाच्या भीमथडी आणि आताच्या बारामती तालुक्यातल्या सुपे गावी, बाजारच्या दिवशी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. हल्ल्याचा रोख माणसांपेक्षा कर्जाच्या खतांवर, रोख्यांवर आणि वह्यांवर होता. सरकारने चौकशी बसवली, 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. 1885 मध्ये नीरेचा डावा कालवा वाहू लागला, आणि त्या पाण्यामागून ऊस आला, वालचंदनगर वसले, माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखान्यांची धुराडी उभी राहिली. कालव्याखालची बागायत आणि सुप्याकडची जिराईत यांतले अंतर आजही डोळ्यांना दिसते. मोजणी, कर्ज, दंगा, पाणी आणि सहकार हे सारे ज्या भूमीवर एकापाठोपाठ घडले, त्या भूमीतला मनुष्य शेतकऱ्याची कथा पडद्यावर पाहतो तेव्हा तो नुसता प्रेक्षक राहत नाही, तर त्या प्रकरणातला माहीतगार साक्षीदार होतो.

ऐकून कौल देण्याची सवय तर येथे चित्रपटाहून पुष्कळ जुनी. मोरोपंतांनी बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून उभी हयात पुराण सांगितले आणि 1794 मध्ये येथेच देह ठेवला. एकशे आठ प्रकारांनी रामकथा सांगणाऱ्या कवीसमोरचा श्रोता एकच कथा नव्या बांधणीत ऐकायला सरावलेला असणार, हे उघड आहे. कीर्तनात बुवांची चूक धरणारे वारकरी आणि तमाशाच्या फडात सवालाला जवाब कमी पडला की ओरडून उठणारे रसिक हे याच परंपरेचे. कथानक ठाऊक असणे या श्रोत्याला कधी अडचणीचे वाटले नाही. सांगणारा कसा सांगतो, हेच त्याने पारखले.

अशा मुलखात यात्रांच्या मोसमात तंबूचा सिनेमा आला. नीरा-नरसिंहपूरचा नृसिंह, शिर्सुफळची शिरसाई, गावोगावचे भैरवनाथ यांच्या यात्रा म्हणजे कुस्त्यांचे फड, तमाशाच्या कनाती आणि पाळणे. त्यांच्या शेजारी हा नवा तंबू, बाहेर भोंगा, आत पुरुष एकीकडे आणि बायका एकीकडे. पुष्कळ तंबूंत यंत्र एकच असे. दोन हजार फुटांचे रीळ साधारण बावीस मिनिटे चाले. ते संपले की दिवा लागे, चालवणारा दुसरे रीळ चढवी, आणि त्या मधल्या अवकाशात सारा तंबू एकदम बोलू लागे. या थांबण्याला शहरातले लोक गैरसोय म्हणत. मला तो त्या तंबूचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण कथा अर्धी असताना, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, माणसे पात्रांचा निवाडा करीत आणि पुढच्या रिळाने तो निवाडा खरा ठरतो की खोटा, हे पाहत. ‘नांगर असा धरत्यात व्हय?’ हा अभिप्राय नटाच्या अभिनयावर होता, दिग्दर्शकाच्या अभ्यासावर होता आणि शहराच्या अज्ञानावरही होता. ‘बैलं लई गुणाची हुती, पर माणूस कच्चा’ एवढ्या सहा-सात शब्दांत जे परीक्षण होई, ते पुरते करायला वृत्तपत्रातल्या लेखकाला स्तंभभर जागा लागली असती.

जुना चित्रपट आणि नवा चित्रपट हा भेदही तंबूने मानला नाही. शहरात पाच-दहा वर्षे चालून झिजलेली प्रत, ओरखड्यांनी पाऊस पडल्यासारखी दिसणारी, गावात यायची आणि गावाला ती नवीच असायची. त्याच यात्रेत पुढल्या साली आणखी जुना पौराणिक चित्रपट येई आणि तोही तितक्याच ताज्या नजरेने पाहिला जाई. त्यामुळे येथील मतांना काळाची भीड नव्हती. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 सालचा. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढल्या वर्षी व्हेनिस येथे गौरवला गेला. पण ज्या वाटेने तुकोबांची पालखी दरसाल उंडवडीहून बारामतीस येते, सणसरला मुक्काम करते, निमगाव केतकीवरून इंदापुरास जाते, बेलवडीला रिंगण धरते, त्या वाटेवरच्या माणसाला विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेत तुकोबा ओळखायला व्हेनिसच्या शिफारशीची गरज नव्हती. शिवाय येथील बायका त्या चित्रपटाविषयी बोलत त्या तुकोबांपेक्षा त्यांच्या पत्नीविषयी, जिजाईविषयी अधिक बोलत. घरात दाणा नसताना विठोबावर चवताळून जाणारी बाई त्यांना परकी नव्हती. दुष्काळात तेच केलेल्या सासवा-आज्या त्यांच्या घरोघरी होत्या.

सावकारीवरच्या चित्रपटांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. बाबूराव पेंटरांनी 1925 मध्ये नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम, हातून जमीन जाते, आणि शेवटी गिरणीची वाट. सुप्याच्या दंग्याला तेव्हा पन्नास वर्षे होत होती. दंगा स्वतः पाहिलेले वृद्ध अजून हयात असण्याजोगा तो काळ. पुढे 1957 साली मेहबूबखानांचा ‘मदर इंडिया’ आला. त्याचा आरंभ होतो तो म्हाताऱ्या राधेच्या हातून कालव्याचे पाणी सोडण्याने, आणि पुढे तिचा मुलगा बिरजू सावकार सुखीलालाच्या वह्यांना आग लावतो. या दोन घटना, पाणी आणि वह्यांची होळी, एका चित्रपटात आणणाऱ्याला भीमथडीचा इतिहास ठाऊक होता असे मुळीच नाही. पण भीमथडीच्या प्रेक्षकाला तो ठाऊक होता. इतरत्र लोक त्या चित्रपटातील मातेच्या त्यागावर बोलले. येथे प्रश्न असा निघणे स्वाभाविक होते की, अंगठा उठवताना खत वाचून कोणी दाखवले होते, आणि मुद्दल नेमके किती. हा भावनाशून्यपणा नव्हे. ज्यांच्या पणजोबांची जमीन कागदावरच्या एका ओळीने गेली, त्यांची करुणाही कागद तपासूनच येते.

सावकार गेला आणि त्याच्या जागी साखर कारखान्यांची नवी सत्ता आली, तेव्हा चित्रपटानेही विषय बदलला. 1975 च्या ‘सामना’चे दिग्दर्शक जब्बार पटेल दौंडला वैद्यकी करीत, बारामती-इंदापूरची हवा त्यांच्या दवाखान्याच्या दारापर्यंत येत होती. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हिंदुराव धोंडे पाटील निळू फुल्यांनी असा उभा केला की, उसाच्या पट्ट्यात प्रत्येकाला तो शेजारच्या तालुक्यातला वाटावा. येथील अभिप्राय तेव्हा हळू आवाजात दिला जाई, ही गोष्ट मला त्या चित्रपटाच्या कोणत्याही पारितोषिकाहून मोठी वाटते. मात्र त्याच वर्षी आलेल्या ‘जय संतोषी माँ’ला देशभर लोक पादत्राणे काढून बसले, पडद्यावर फुले आणि नाणी उधळली, आणि तेथे आवाजाला मर्यादा नव्हती. हे दोन्ही कौल एकाच समाजाने दिले आणि दोन्ही मनापासून दिले. त्यांपैकी एकालाच विवेक आणि दुसऱ्याला भाबडेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

तंबू आता थोडे उरले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील या फिरत्या सिनेमांवर काढलेला माहितीपट 2016 मध्ये कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा रिळांची जागा डिजिटल यंत्रांनी घेतलेली होती; रीळ बदलताना होणारी ती बोलणी तेथेच संपली. त्याच वर्षी 29 एप्रिलला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ लागला, आणि या वेळी मात्र इंदापूरला शहरामागून वर्षे मोजावी लागली नाहीत. भीमेच्या पलीकडचा करमाळा तालुका, उजनीचे पसरलेले पाणी, उसाचे फड, विहीर, ट्रॅक्टर हाकणारी पाटलाची मुलगी हे सारे इंदापूरच्या काठावरून दिसणारे जग होते. उजनीच्या जलाशयात या बाजूचीही गावे गेली. पळसदेवचे प्राचीन देवालय पाणी ओसरले की अजून वर येते. त्यामुळे त्या चित्रपटाविषयी येथे लोक बोलत ते एकाच वेळी स्थळाविषयी, जातीविषयी आणि आपल्या लेकींविषयी बोलत होते, आणि घराघरांत मते दुभंगली. कोणी गाणी गुणगुणली, कोणी शेवटानंतर बराच वेळ बोलले नाही, कोणी पोरीचाच दोष काढला. हा तिसरा अभिप्राय ऐकवत नाही, तरी तोही लिहून ठेवावा असे मला वाटते, कारण पुढे कोणी या मुलखाची चौकशी करील तेव्हा त्याला अंमलदारांचे आणि मालकांचे जबाब पुष्कळ सापडतील. ज्यांनी तिकीट काढले त्यांचे जबाब आपणच आता, ते बोलणारे आहेत तोवर, नोंदवले पाहिजेत.