किर्लोस्कर (मासिक)

किर्लोस्करवाडी (सांगली जिल्हा) येथे जानेवारी १९२० मध्ये सुरू झालेले व दीर्घकाळ चाललेले मराठी कौटुंबिक मासिक. आरंभीचे नाव किर्लोस्कर खबर. संस्थापक-संपादक शंकर वासुदेव ऊर्फ शंवाकि किर्लोस्कर (१८९१–१९७५).

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळरानावर नांगरांचा कारखाना उभारला. हा भाग वाळवा तालुक्यातील ताकारी व तेव्हाचे इस्लामपूर यांच्या शेजारचा. त्या काळी तेथे निवडुंग व साप यांचेच राज्य होते. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने माल खपविण्यापूर्वी गिऱ्हाइकाचे मन वळविणे भाग पडे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले होते व कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे होते. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविणारे पत्रक म्हणून त्यांनी खबर काढली.

नांगर व चरक यांच्या माहितीबरोबर उद्योग, स्वावलंबन, आरोग्य ह्या विषयांवरील मजकूर येऊ लागला आणि नांगराशी काडीचाही संबंध नसलेले वाचक मिळू लागले. १९२९ च्या सुमारास नावातील ‘खबर’ हा शब्द गळून मासिक केवळ किर्लोस्कर झाले. भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते वि. दा. सावरकर यांनी त्या शब्दावर घेतलेला आक्षेप यास कारणीभूत होता.

मनोरंजन (१८९५) मासिकाने मराठीत कथाप्रधान घरगुती वाचनाची परंपरा रुजविली होती. किर्लोस्करने तिच्यात सुधारणावादाची भर घातली, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत राजकारणाची बंदी असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध १९३० नंतरच्या दशकात येथे प्रसिद्ध झाले. पोथीप्रामाण्यावरील व गायीच्या पूजेवरील त्यांच्या टीकेने सनातनी वाचक प्रक्षुब्ध झाले. बुवाबाजीविरुद्धही मासिकाने मोहीम चालविली. घरातील सासू, सून व शाळकरी मुलगा यांच्या हाती एकच अंक पडावा अशी अपेक्षा बाळगायची आणि त्याच अंकात देव्हाऱ्यासंबंधी शंका उपस्थित करायची, हे धाडसच होते. संपादकाने ते व्यवसायाची झळ सोसण्याच्या तयारीने केले. कारखान्याचा आधार पाठीशी होता, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही. त्या आधारामुळेच मासिकाला निव्वळ वर्गणीदारांच्या मर्जीवर जगावे लागले नाही. गंभीर लेखांसोबत ना. धों. ताम्हणकर यांच्यासारख्यांचे विनोदी लेखनही असे. ताम्हणकर स्वतः किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात नोकरीस होते.

ऑगस्ट १९३० मध्ये स्त्री हे स्वतंत्र मासिक निघाले. त्यात पाककृती व विणकाम यांच्या जोडीस स्त्रीशिक्षण, विवाह, अर्थार्जन ह्या प्रश्नांची चर्चा होई. मध्यमवर्गीय गृहिणीला स्वतःच्या नावाने लिहिण्याची जागा मिळाली, ही त्याची मोठी कामगिरी. १९३४ मध्ये तरुणांसाठी मनोहर सुरू झाले. त्याचे पुढे साप्ताहिकात रूपांतर झाले. फिनलंडमध्ये कोटिलिएसी हे गृहिणींसाठीचे नियतकालिक १९२२ च्या अखेरीस निघाले. घर हे समाजसुधारणेचे क्षेत्र मानण्याची दृष्टी त्या काळी अनेक देशांत होती, एवढे यावरून दिसते. मात्र तेथे गृहिणी हाच आरंभीचा वाचक होता. किर्लोस्करवाडीत नांगर घेणाऱ्या शेतकऱ्यापासून तिच्यापर्यंत यायला दहा वर्षे लागली.

आडवळणाच्या एका वसाहतीतून महाराष्ट्रभर मासिके पाठविणे रेल्वेमुळे शक्य झाले. मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील कुंडल रोड स्थानकालाच पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. मासिकांचे कार्यालय कालांतराने पुण्यास हलले आणि संपादनाची धुरा शंवाकिंचे चिरंजीव मुकुंदराव यांच्याकडे आली. शंवाकिंनी शंवाकीय (१९७४) ह्या आत्मचरित्रात ह्या साऱ्या उद्योगाची हकीकत सांगितली आहे.

विद्या बाळ १९६४ मध्ये स्त्रीच्या संपादकवर्गात आल्या व १९८३ ते १९८६ या काळात संपादक होत्या. त्यांच्या कारकीर्दीत मासिकाचा स्त्रीमुक्ती चळवळीशी निकट संबंध आला. किर्लोस्कर समूहाबाहेर पडल्यावर त्यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये मिळून साऱ्याजणी हे मासिक काढले.