वेसकराची काठी आणि सुरक्षा व्यवस्थापनाची पदवी

१९९७ साली मोशी गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आज पुणे-नाशिक महामार्गाच्या दोन्ही बाजूंना सोसायट्याच सोसायट्या दिसतात. रात्री अकरानंतर यातल्या कुठल्याही गेटवर थांबा आणि खुर्चीवर बसलेल्या पोराला गाव विचारा. बीड, परभणी, नांदेड, लातूर ही नावे ऐकायला मिळतील. भोसरी आणि चाकण एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गेटवरही हीच पोरे उभी असतात. कुणी बारावी झालेला, कुणी पदवीधर. बारा तासांची ड्युटी, अंगावर एजन्सीचा गणवेश.

अशाच एका पोराने आमच्या बैठकीत विचारले, "दादा, सुरक्षा व्यवस्थापनाची पदवी असते म्हणतात. करू का?" बैठकीत लगेच दोन तट पडले. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "बाबासाहेबांनी गावची राखण सोडायला लावली आणि आता आपण तिचीच पदवी घ्यायची?" दुसरे म्हणाले, "पोराच्या घरी चूल पेटते ती याच नोकरीवर. शिकू द्या त्याला." आम्हाला दोघांचेही म्हणणे अर्धेच पटले. अर्धे का, हे समजायचे तर इतिहासात जावे लागते.

राखण होती, नोकरी नव्हती

गावाची वेस राखणारा वेसकर आपलाच पूर्वज होता. रात्री वेशीवर जागणे, चोराचा माग काढणे, शिवेच्या भांडणात साक्ष देणे, सरकारी खजिना पोहोचवायला सोबत जाणे, मयताचा सांगावा नेणे ही सगळी कामे महारांकडे होती. आजच्या भाषेत सांगायचे तर गस्त, तपास, पुरावा आणि संदेशवहन. एवढे ज्ञान आणि एवढी जबाबदारी असूनही त्याला पगार नव्हता, सुट्टी नव्हती, राजीनामा देण्याचा हक्कही नव्हता. ज्या गावाची वेस तो राखायचा, त्या गावात त्याला घर बांधता येत नव्हते.

इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्याने ही गुलामी कागदावर पक्की केली. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वतनदार महाराला दिवसा-रात्री केव्हाही कामाला बोलावता येते आणि तो हजर नसेल तर त्याच्या घरच्यांना राबावे लागते, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. त्यांचा विरोध राखण करण्याला नव्हता. जन्माने लादलेल्या, वेळेचे बंधन नसलेल्या, भाकरीच्या तुकड्यावर करून घेतलेल्या राखणीला होता. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. तो पाहायला बाबासाहेब हयात नव्हते.

बंदुकीपेक्षा मोठी होती शाळा

राखणीचे दुसरे रूप पलटणीत दिसते. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर 'नाक'ने संपणारी नावे आपण दर १ जानेवारीला वाचतो. मात्र १८१८ च्या शौर्याबरोबर पुढचाही इतिहास सांगायला हवा. १८९२-९३ च्या सुमारास 'लढाऊ जमाती'च्या खोट्या सिद्धांताखाली महारांची सैन्यभरती बंद झाली. १८९४ मध्ये निवृत्त लष्करी माणूस असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सैन्य आणि पोलीस खात्याची दारे उघडा, अशी मागणी थेट भारतमंत्र्यांकडे पाठवली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्धानंतर ती मोडली गेली. पुढे १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर आले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

ही माणसे भरतीसाठी एवढी का झगडली? फक्त पगारासाठी नाही. कंपनीच्या सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण मिळत होते. सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांच्या घरात अक्षर आले ते या वाटेने. वेसकराच्या आणि सुभेदाराच्या घरात फरक पडला तो शाळेमुळे. म्हणून भरतीबंदीने आपली नोकरी गेली, तशी शाळाही गेली.

आजचे गेट

आजचा सुरक्षारक्षक वेसकर नाही, हे आधी मान्य करू. हे काम जातीने लादलेले नाही, सगळ्या समाजांची गरीब पोरे ते करतात. त्यामागे कायदाही आहे. महाराष्ट्राने १९८१ मध्येच खासगी सुरक्षारक्षकांच्या रोजगाराचा व कल्याणाचा कायदा केला. त्याखाली सरकार, मालक आणि रक्षक अशा तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे आहेत. पुणे जिल्ह्याचेही सुरक्षारक्षक मंडळ आहे. मंडळात नोंद झालेल्या रक्षकाला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, उपदान मंडळामार्फत मिळते. एजन्सीच्या रक्षकांना या कायद्यातून सूट देता येते, पण त्यांचे लाभ कायद्यातल्या लाभांपेक्षा कमी नसावेत, ही अट आहे.

मग आला केंद्राचा २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा. परवान्याशिवाय एजन्सी चालवता येत नाही. केंद्राच्या नमुना नियमांत रक्षकाला १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, बोनस यांसारखे कामगार कायदे मोडले तर एजन्सीचा परवाना रद्द होऊ शकतो.

आता आमच्या बैठकीतल्या पोराची गोष्ट. त्याला गणवेश मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी गेटवर उभे केले. १६० तासांतला एक तासही त्याच्या वाट्याला आला नाही. जादा तासांना दुप्पट दराने मोबदला असतो, हे त्याला आमच्याकडूनच कळले. कायदा आहे, पण गेटवरच्या माणसाला तो ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे, तो वरच्या खुर्चीत बसलेला आहे.

पदवी कशासाठी?

त्या खुर्चीची वाट म्हणजे ही पदवी. तिच्यात जोखमीचा अंदाज, प्रवेश नियंत्रण, सीसीटीव्ही, आगीपासून बचाव, आपत्ती व्यवस्थापन, चौकशी आणि कायदा असे विषय येतात. २०२० च्या केंद्रीय कायद्याने गुजरातमध्ये राष्ट्रीय रक्षा विद्यापीठही झाले आहे. म्हणजे वेसकर पिढ्यान्‌पिढ्या करत आला ते काम आता विद्यापीठात शिकवले जाते. आपल्याकडून फुकट घेतलेल्या ज्ञानाला आज प्रमाणपत्र आणि पगार आहे. मग त्या वर्गात आपण का बसू नये?

मात्र डोळे उघडे ठेवून बसा. प्रवेशाआधी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता पाहा. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीवर पैसे उधळू नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला त्या अभ्यासक्रमासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते का, हे महाविद्यालयात आधीच विचारा. अभ्यासक्रमात कामगार कायदा किती आहे, तेही पाहा. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, त्यामुळे पदवी हातात आली म्हणजे खुर्ची मिळालीच, या भ्रमात राहू नका. हा लढा अजून बाकी आहे.

आणि खुर्ची मिळालीच तर? वतनाच्या काळात वेसकराला रात्री-अपरात्री हाकारणारा पाटील होता. आज रक्षकांचा ड्युटी चार्ट सुरक्षा अधिकारी लावतो. आपला पोरगा तिथे बसून दुसऱ्या गरिबाच्या पोराला बारा तास उभा करणार आणि आठ तासांचा पगार लावणार असेल, तर आपण फक्त पाटील बदलला. तो मस्टरवर खरे तास लिहिणार असेल, नव्या रक्षकाला प्रशिक्षणाशिवाय गेटवर पाठवणार नसेल, मंडळाच्या नोंदणीची माहिती देणार असेल, तर १९२८ च्या विधेयकाचे उरलेले काम तो करतो आहे, असे आम्ही म्हणू.

मोशीपासून जवळच देहूरोड आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. आम्ही त्या पोराला तिथे घेऊन गेलो आणि आमचे उत्तर दिले : पदवी कर. पण गेटवरच्या खुर्चीतून वरच्या खुर्चीत जाशील तेव्हा खालची खुर्ची विसरू नकोस. त्याने विचारले, "दादा, तो १९८१ चा कायदा मराठीत मिळेल का?"

पुढच्या रविवारी बैठकीत तोच कायदा वाचायचा आहे. रात्रपाळी करून येणाऱ्यांसाठी बैठक संध्याकाळी ठेवली आहे. मोशी, भोसरी, चाकणच्या गेटवर असाल तर या. जय भीम!