कॅरोलाइन इंगल्स : कादंबरीतली आणि नोंदींतली

लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या 'लिटल हाउस' मालिकेतील आई वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे : शांत, सोशिक, नीटनेटकी. ही पुस्तके १९३२ ते १९४३ या काळात प्रसिद्ध झाली. जिच्यावरून हे चित्र रेखाटले ती कॅरोलाइन इंगल्स १९२४ सालीच साउथ डकोटातील डी स्मेट येथे वारली होती. लेकीने आपल्याला कसे रंगवले हे तिने पाहिलेच नाही. तेव्हा कादंबऱ्या क्षणभर मिटून, घरच्या बायबलमधील जन्मनोंदी आणि जनगणनेचे तक्ते यांतून ती कशी दिसते हे आम्ही तपासू लागलो.

तिचा जन्म १२ डिसेंबर १८३९ चा, विस्कॉन्सिनमधील ब्रुकफील्डचा. माहेरचे आडनाव क्विनर. १८४० च्या जनगणनेत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. इतरांची वयोगटांनुसार फक्त संख्या. घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव लिहिण्याची पद्धत १८५० पासूनची (गुलामांच्या वाट्याला तेव्हाही संख्याच आली). तोवर कॅरोलाइनचे वडील मिशिगन सरोवरात बुडून वारले होते आणि आईने दुसरा विवाह केला होता.

१ फेब्रुवारी १८६० रोजी चार्ल्स इंगल्सशी तिचे लग्न झाले. तिच्या भावाची बायको चार्ल्सची बहीण आणि तिच्या बहिणीचा नवरा चार्ल्सचा भाऊ. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात. वंशावळ मांडणाऱ्याची मात्र यात तारांबळ उडते. लग्नाआधी ती शिक्षिका होती. पण १८७० च्या गणनेतील सूचनेनुसार, कमाईचे अन्य साधन नसलेल्या गृहिणीपुढे व्यवसाय म्हणून 'घर सांभाळते' एवढेच लिहायचे होते.

खरी गाठ पडते ती त्याच वर्षी. कॅन्ससवरील कादंबरीत (१९३५) कुटुंब विस्कॉन्सिनहून निघते तेव्हा तान्ही कॅरी गाडीत आहे. घरच्या नोंदीनुसार कॅरीचा जन्म ३ ऑगस्ट १८७० चा, कॅन्ससच्या माँटगोमेरी परगण्यातला. म्हणजे ओसेज आदिवासींच्या भूमीवर, कायदेशीर हक्क नसताना बांधलेल्या त्या लाकडी घरात कॅरोलाइन गरोदर होती आणि तिथेच बाळंत झाली. कादंबरीत या दिवसांचा मागमूस नाही. कारण रचनेचे आहे : विस्कॉन्सिनचे पुस्तक आधी, १९३२ मध्ये आले आणि त्यात कॅरी होती, पुढच्या प्रवासात ती असणे भागच होते. लेखिकेची अडचण आम्हांला कळते. पण तिची किंमत आईच्या एका बाळंतपणाने चुकवली.

दुसरी गाळणी अधिक बोचते. १ नोव्हेंबर १८७५ रोजी कॅरोलाइनला मुलगा झाला : चार्ल्स फ्रेडरिक, घरचा फ्रेडी. त्या सुमारास मिनेसोटात टोळधाडीने पिके खाऊन टाकली होती. १८७६ मध्ये कुटुंब आयोवातील बर ओककडे निघाले आणि वाटेतच, २७ ऑगस्टला, ते मूल गेले. दहा महिनेही झाले नव्हते. बर ओकला पुढच्या मे महिन्यात ग्रेस जन्मली. मालिकेत फ्रेडी नाही, बर ओकचे ते दिवसही नाहीत. लॉराबाईंना विसर पडला होता असे नाही; 'पायोनियर गर्ल' या त्यांच्या आधीच्या आत्मकथनात हा भाऊ आहे. ते हस्तलिखित सटीप स्वरूपात २०१४ साली छापले गेले. बालवाचकांसाठी हे दुःख वगळले असावे असे म्हणता येईल. परंतु सोशिकपणाचा एवढा गौरव करताना जे सोसले तेच वगळावे, हे आम्हांला सहजी पटत नाही.

१९०० च्या जनगणनेत स्त्रियांना एक वेगळा प्रश्न होता : किती मुलांना जन्म दिला, आणि त्यांपैकी हयात किती? कॅरोलाइनच्या बाबतीत हे आकडे पाच आणि चार असे होतात. कादंबरीच्या वाचकाला चार मुली तेवढ्या माहीत असतात.